पाठ टेकायची कुठे? आल्प्सच्या कोर्सवाल्यांचे राहण्याचे प्रश्न

मागच्या अंकात आल्प्समधल्या क्लाइंबिंग आणि स्कीइंगच्या कोर्सबद्दल लिहिलं होतं. क्रॅम्पॉन (बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे लोखंडी दाते) कसे बांधायचे, एकमेकांना दोराने बांधून कसं चालायचं, सगळं अगदी मन लावून लिहिलं, आणि मेल आले ते जवळपास सगळे "ताई, पण राहायचं कुठे?" असे. बरोबरच आहे म्हणा, मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही सगळं डोकं बुटांच्या खरेदीत होतं आणि खोली बुक केली दहा मिनिटांत, फोटो बघून, त्याची फळं पुढे सांगतेच. निवडक प्रश्न घेतलेत, नावं काढून टाकलीत.

"जुलैमध्ये शामोनीला सहा दिवसांचा बेसिक अल्पाइन कोर्स बुक केलाय. फीमध्ये राहणं नाहीये. त्यांनी हॉटेल, अपार्टमेंट, जीत आणि कॅम्पसाइट असे पर्याय कळवलेत. बजेट बेताचं आहे. शिवाय 'हटच्या रात्रींचे पैसे वेगळे' असं लिहिलंय, म्हणजे त्या रात्री व्हॅलीतली खोली रिकामी ठेवून दोन्हीकडे पैसे भरायचे का?" (ठाणे)

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा विचारलात, तिथूनच सुरू करते. हट म्हणजे वर डोंगरात क्लाइंबर लोकांच्या मुक्कामासाठी बांधलेलं घर. शामोनीच्या कोर्समध्ये तुम्ही एका जागी राहत नाही. शामोनी हे फ्रान्समधलं गाव आहे साधारण 1,035 मीटरवर, माँ ब्लां (मॉन्ट ब्लँक) या आल्प्सच्या सगळ्यात उंच शिखराच्या पायथ्याशी. पहिले एक-दोन दिवस तुम्ही खाली झोपता आणि दिवसा मेर द ग्लास या हिमनदीच्या बर्फावर सराव वगैरे करून परत येता, मग एक किंवा दोन रात्री वर हटमध्ये, मग परत खाली, मग कदाचित दुसऱ्या हटमध्ये. बेसिक कोर्सवाल्यांना बऱ्याचदा आल्बेर प्रमिए हटला नेतात, ल तूर गावाच्या वर, साधारण 2,700 मीटरवर. बेल्जियमच्या राजाचं नाव आहे ते, राजा स्वतः पट्टीचा क्लाइंबर होता आणि 1934 मध्ये कड्यावरून पडूनच गेला. असो.

तर बुकिंग करायच्या आधी कोर्सवाल्यांकडून एकच गोष्ट मागा, कुठल्या रात्री वर आणि कुठल्या रात्री खाली याचा तक्ता. ते म्हणतील की हवेवर अवलंबून आहे, खरंही आहे ते, पण अंदाज देतातच. आणि हो, हटमध्ये गाइडच्या राहण्या-जेवणाचा खर्चही बऱ्याच कोर्सला पाहुण्यांनीच वाटून घ्यायचा असतो, तो फीमध्ये आहे का तेही त्याच मेलमध्ये विचारून टाका, नाहीतर हटच्या काउंटरवर तोंड कसनुसं होतं.

आता दोनदा पैसे भरायचे का. हॉटेल घेतलंत तर हो, बहुतेक भरावेच लागतात, कारण खोली सोडून परत घ्यायची तर मधल्या दिवसांत दुसरं कोणी येऊन बसतं. म्हणूनच तुमच्या बजेटला मी जीत सांगेन. जीत म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळेची जरा सुधारलेली बहीण, बंक बेडच्या खोल्या, कॉमन बाथरूम, कॉमन जेवणाची टेबलं, आणि एका बेडचे पैसे. सीझनला साधारण 30-40 युरोच्या आसपास बेड मिळतो, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून हवं असेल तर 'दमी पांस्यों' म्हणायचं, म्हणजे हाफ बोर्ड. आणि जीतवाले क्लाइंबर लोकांना सरावलेले असतात, "दोन रात्री वर जातोय, सॅक ठेवू का?" म्हटलं की कोपरा दाखवतात, त्या रात्रींचे पैसे घेत नाहीत. सगळे असे नसतात, पण विचारलं तर कळतं.

गावाचं म्हणाल तर नकाशात सगळं जवळजवळ दिसतं. लेझूश, ले बोसों, शामोनी, ले प्रा, आर्जेंतिएर, ल तूर, एकाच खोऱ्यात ओळीने लागलेली गावं. मी पहिल्या वर्षी एका चॅलेटवाल्याकडे (चॅलेट म्हणजे डोंगरातलं लाकडी घर) खोली घेतली, नाव नाही सांगत, खिडकीतून समोर अख्खा माँ ब्लां. फोटोत जसा तस्साच. फक्त बस स्टॉपपासून वीस-पंचवीस मिनिटं चढावर होती हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि कोर्सची भेटायची वेळ होती पहाटे साडेसहा. बूट ओले, वाळवायला जागा नाही, हीटर जुलै म्हणून बंद. तिसऱ्या दिवशी मी ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून हेअर ड्रायर धरून बसले होते आणि माँ ब्लांकडे बघायलासुद्धा मान वर केली नाही.

तेव्हा विचारायच्या गोष्टी अशा की स्टॉप किंवा स्टेशन चालत किती मिनिटं, बूट आणि दोर वाळवायला वेगळी खोली आहे का, आणि नाश्ता किती वाजता. हॉटेलात नाश्ता साडेसातला सुरू होत असेल तर त्याचे पैसे देऊन तुम्ही रोज उपाशी निघणार आहात. व्ह्यू मोफत आहे हो, रस्त्यावरूनही तोच दिसतो. चेक-इन करताना गेस्ट कार्ड मागून घ्या, खोऱ्यातल्या बसला आणि सेर्वो ते वालोर्सीनच्या छोट्या ट्रेनला कामी येतं. बिलात टूरिस्ट टॅक्स माणशी, रात्रीमागे वेगळा लागतो, तो फसवणूक नाही, सगळीकडेच आहे.

फ्रेंच थोडंफार येत असेल तर यूसीपीए बघा, खेळांचे कोर्स चालवणारी 1965 पासूनची फ्रेंच संस्था आहे, नफ्यासाठी चालत नाही, राहणं-जेवण-कोर्स-सामान सगळं एकाच पैशात असतं आणि शामोनीच्या खोऱ्यातही त्यांचं सेंटर आहे. शिकवणं मात्र फ्रेंचमध्ये, त्यामुळे बर्फाच्या कड्यावर "काय म्हणाला तो?" असं व्हायला नको.

"मी एकटी जाणार आहे, वय 41. हटमध्ये बायका-पुरुष एकाच हॉलमध्ये झोपतात असं ऐकलं. खरं आहे का? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि आंघोळीचं काय?" (कोल्हापूर)

खरं आहे. लपवून काय करू. लाकडी फळीवर गाद्या ओळीने लावलेल्या, कधी चार जणांची खोली कधी सोळाची, शेजारी कोण येईल ते नशीब. पण पहिल्या रात्री जे वाटतं ते दुसऱ्या रात्री वाटत नाही, कारण सगळे इतके दमलेले असतात की साडेआठला अख्खा हॉल आडवा असतो. हट सांभाळणारा असतो त्याला गार्दियां म्हणतात, त्याला किंवा तिला, बायकाही असतात खूप, जाऊन सांगायचं की कोपऱ्यातली किंवा भिंतीकडची जागा द्या. देतात. कपडे बदलणं लायनरच्या आत. लायनर म्हणजे चादरीची शिवलेली पिशवी, ब्लँकेट हटचं असतं पण ही पिशवी स्वतःची न्यायची, आणि ती नुसती नियम म्हणून नाही, त्या ब्लँकेटखाली काल कोण झोपलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. महागडी सिल्कची घेऊ नका, जुनी मऊ कॉटनची साडी दुमडून दोन बाजूंनी शिवून घ्या, मी तीच नेते, आईची आहे, आणि तिच्यावरून हटमध्ये दर वेळी दोन जणी तरी "हे कुठे मिळतं" विचारतात.

आंघोळ नाही. बहुतेक उंचावरच्या हटमध्ये नळाला प्यायचं पाणीसुद्धा नसतं, बर्फ वितळवून जे मिळतं त्यावर सगळं चालतं, प्यायला बाटली विकत, आणि ती खालच्यापेक्षा कितीतरी महाग कारण ती हेलिकॉप्टरने आलेली असते. ओले वाइप्स न्या आणि वापरलेले परत खाली आणायचे, सॅनिटरी पॅडसुद्धा, त्यासाठी झिपची जाड पिशवी ठेवा. रोख युरो ठेवा थोडे, कार्डचं मशीन नेटवर्कच्या मर्जीवर.

जेवण. हाफ बोर्ड साधारण 60 ते 100 युरोमध्ये पडतो, हटवर अवलंबून. सूप, मग भात किंवा पास्ता किंवा पोलेंटा काहीतरी भरभक्कम, चीज, गोड. शाकाहारी आहे हे बुकिंग करतानाच कळवायचं, तिथे पोचून सांगितलं तर आमटीतून मटणाचे तुकडे बाजूला काढून देण्याइतपत सोय होते. आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणू नका, मासा चालतो असं समजणारे भेटतात, 'नी व्यांद, नी प्वासों' म्हणा, ना मटण ना मासा. अंडं चालतं म्हणताय म्हणजे ऑम्लेटवर निभावेल. सोबत शेंगदाण्याची चटणी छोट्या डबीत. साध्या मॅश केलेल्या बटाट्यावर ती भुरभुरली ना की डोळ्यात पाणी येतं, आणि ते तिखटामुळे नाही.

आता पहाटेचं सांगते कारण ते कोणी सांगत नाही आणि पहिल्यांदा घाबरायला होतं. रात्री दोनला, कधी एकला, कोणाचा तरी अलार्म, मग हेडलॅम्पचे दिवे छतावर फिरायला लागतात, कोणी बोलत नाही. खाली गेलात की टेबलावर थर्मासची ओळ, त्यात गार्दियांने भरलेला चहा, आणि तिथे चहा कपात नाही, वाडग्यात देतात, दोन्ही हातांनी धरून प्यायचा. कडक ब्रेड, लोणी, जॅम. घशाखाली उतरत नाही पण ढकलायचं. आणि मग बुटांची खोली. हटमध्ये बूट आत चालत नाहीत, दाराशी रॅकमध्ये ठेवून हटच्या सपाता घालायच्या, आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉनही तिथेच. पहाटे अडीचला अंधारात साठ जोड आणि त्यातले वीस जोड तुमच्याच कंपनीचे, तुमच्याच रंगाचे. माझा 39 नंबरचा बूट एकदा एक इटालियन बाई घालून निघाल्या होत्या, दारातून परत बोलावलं त्यांना. तेव्हापासून बुटाला लाल नाडी बांधते, तुम्हीही बांधा.

घोरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कानात घालायचे बोळे न्या.

"नवरा कोर्सला, मी आणि आठ वर्षांची मुलगी नुसत्याच सोबत. आम्ही दोघी काय करणार, आणि कुठे राहावं?" (नाशिक)

शामोनी गावातच, सेंटरजवळ, अपार्टमेंट. इथे मी वरचं सगळं जीतपुराण मागे घेते. नवरा सहापैकी दोन-तीन रात्री नसणारच, तुम्हाला दुकान, बस, बाग, मोंतांवेरची लाल ट्रेन हे चालत जवळ हवं. एग्वी द्यु मिदी शिखराची केबल कारही गावातून निघते, पण वर 3,842 मीटर आहे, आपलं कळसूबाई 1,646, एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे मुलीला पहिल्याच दिवशी नेऊ नका, आणि वर पळायला देऊ नका.

अपार्टमेंटमध्ये चादरी-टॉवेल धरलेत का बघा, बऱ्याचदा नसतात, आणि जाताना साफसफाई तुम्हीच करायची किंवा तिचे पैसे वेगळे. स्वयंपाकघरात बहुधा इंडक्शन असतं, तेव्हा घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर उचलून नेऊ नका, माझी एक मैत्रीण पुण्याहून तीन लिटरचा कुकर घेऊन आली होती, तो सहा दिवस कपाटावर शोभेला बसला आणि आम्ही पातेल्यात झाकण ठेवून डाळ शिजवली, दीड तास. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, स्मोक अलार्म लगेच बोंबलतो.

"म्युनिकला नोकरीला आहे. दर वेळी शामोनीबद्दलच का लिहिता? इकडून ऑस्ट्रिया जवळ आहे." (म्युनिक)

टोमणा पोचला! आणि मुद्दा बरोबर आहे, कारण राहण्याच्या बाबतीत ऑस्ट्रियाचे कोर्स सरळ असतात. तिकडे बरेच कोर्स एकाच हटमध्ये आठवडाभर असतात, व्हॅलीत खोलीच नको. श्टुबाई खोऱ्यातली फ्रान्झ सेन हट घ्या, 2,147 मीटर, हिमनदी, कडे, सरावाची जागा सगळं चालायच्या अंतरावर. ज्या पाद्री महाशयांचं नाव आहे त्यांनी 1869 मध्ये जर्मन अल्पाइन क्लब काढण्यात पुढाकार घेतला होता, खोऱ्यातल्या गरीब लोकांना पाहुण्यांमुळे पैसा मिळावा म्हणून धडपडणारा माणूस. एवढ्या उंचीवर झोपही बरी लागते, त्याउलट शामोनीच्या कॉस्मिक हटमध्ये, जी 3,613 मीटरवर आहे (जवळ कॉस्मिक किरणांची प्रयोगशाळा होती म्हणून ते नाव), पहिल्या रात्री अर्धे लोक डोकं धरून बसलेले असतात.

तुम्ही तिथलेच रहिवासी, तेव्हा जर्मन किंवा ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं मेंबरशिप घ्याच. हटमध्ये बेडचा दर बराच कमी होतो, 'लागर' म्हणजे कॉमन गाद्या सगळ्यात स्वस्त, 'त्सिमर' म्हणजे खोली. मेंबरना 'बेर्गश्टायगरएसेन' म्हणून एक स्वस्त पोटभर जेवण मिळतं, मेनूत नसलं दिसत तर मागायचं. मेंबरशिपमध्ये रेस्क्यूचा विमाही असतो. शॉवर बऱ्याच ठिकाणी आहे, टोकन टाकून, दोन-तीन मिनिटं गरम पाणी, साबण आधी लावून उभे राहा.

"आम्ही सहा मित्र, फेब्रुवारीत स्की कोर्स. चौघांनी गुलमर्गला बेसिक केलंय, दोघे अगदी नवे. 'चार जणांचा स्टुडिओ' फार स्वस्त दिसतोय, दीड घेतला तर?" (पुणे)

दीड स्टुडिओ! अहो, फ्रान्समधला चार जणांचा स्टुडिओ म्हणजे काय ते आधी समजून घ्या. वीस-बावीस चौरस मीटरची एक खोली, तिच्यात दिवसा सोफा आणि रात्री पलंग होणारी एक वस्तू, आणि दाराजवळच्या बोळात दोन मजली बंक, त्याला 'कॅबिन' म्हणतात. चार माणसं, चार जोड स्की बूट, आठ ओले हातमोजे. एकाने उठून पाणी प्यायचं ठरवलं तर बाकी तिघांना कळतं. सहा जणांनी एक तीन बेडरूमचं चॅलेट किंवा मोठं अपार्टमेंट घ्यावं, माणशी फरक जेवढा वाटतो तेवढा पडत नाही. इंग्लिश कंपन्या जेवणासकट चॅलेट देतात, संध्याकाळी केक-चहा वगैरे, मजा असते, पण शाकाहाराचं आधीच लिहून घ्या.

फेब्रुवारी मात्र जपून. फ्रेंच शाळांना तेव्हा सुट्टी असते, विभागवार आलटून पालटून जवळपास महिनाभर, दर दुप्पट होतात आणि बरेच जण शनिवार ते शनिवारच देतात. तारखा हलवता येत असतील तर जानेवारीचा मध्य किंवा मार्चचा दुसरा पंधरवडा.

शामोनीत स्कीच्या जागा एकमेकींना जोडलेल्या नाहीत, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं. ब्रेवां-फ्लेजेर, आर्जेंतिएरचं ग्रां मोंते, ल तूरकडचं बाल्म, आणि लेझूश, प्रत्येक ठिकाणी बसने जायचं, आणि स्की खांद्यावर घेऊन स्की बूट घालून बस पकडणं हा स्वतंत्र कोर्स आहे. नवे दोघे कुठे शिकणार ते आधी विचारा, बाल्मचे उतार सोपे आहेत, मग राहणं आर्जेंतिएरकडे बरं पडेल. हवा बिघडली की झाडीतले उतार म्हणून लेझूशला नेतात. तळमजल्याला स्की रूम आणि त्यात बूट गरम करायची सोय आहे का, हा प्रश्न जाकुझी आहे का याच्या आधी विचारा. थंडगार स्की बुटात सकाळी पाय घालताना माणूस काय काय बोलतो ते इथे छापता येणार नाही.

"व्हिसासाठी हॉटेल बुकिंग लागतं, पण हटच्या रात्रींचं काय दाखवायचं?" (नागपूर)

हटचं बुकिंगही बुकिंगच आहे. कोर्सवाल्यांकडून तारीखवार पत्र घ्या, अमुक रात्री अमुक हट, त्याच्या पत्त्यासकट, आणि बाकीच्या रात्रींचं जीतचं कन्फर्मेशन. एकही रात्र मोकळी सोडू नका. शेंगेनला किमान 30,000 युरोचा मेडिकल विमा लागतो, पण साध्या पॉलिसीत माउंटेनियरिंग बहुधा वगळलेलं असतं, ते बारीक अक्षर वाचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

"हे सगळं महाग आहे. तंबू लावून राहिलं तर?" (सातारा)

खाली कॅम्पसाइटवर खुशाल. ले प्रा, ले बोसों, आर्जेंतिएर, सगळीकडे आहेत, गरम पाणी, वॉशिंग मशीन, आणि वर जाताना तंबू तसाच ठेवून जाता येतो, फक्त महागाच्या वस्तू आत ठेवू नका. उन्हाळ्यात दुपारी चार-पाचला गडगडाट ठरलेला, तंबूचे दोर सकाळी निघतानाच ताणून जा.

वर मात्र मनाला येईल तिथे नाही. माँ ब्लांवर चढायच्या गुते नावाच्या वाटेवर 2019 पासून हटचं बुकिंग असल्याशिवाय जाऊ देत नाहीत, तेही माणसाच्या नावाने, आणि तंबूला बंदी. गुते हट आहे 3,835 मीटरवर, तिथल्या जागा उघडल्या की पटापट जातात. आणि ऑगस्ट 2022 मध्ये उष्णतेने दगड कोसळायला लागले म्हणून तिथल्या नगराध्यक्षांनी गुते आणि त्याच वाटेवरची तेत रूस, दोन्ही हट काही दिवस बंदच करून टाकल्या, ज्यांचं बुकिंग होतं ते खाली कॅम्पसाइटवर पत्ते कुटत बसले. तेव्हा कुठलंही बुकिंग करताना हट बंद झाली तर पैसे परत मिळतात का, आणि किती दिवस आधीपर्यंत, हे लेखी मागा. तोंडी नको.